वारा तोच, पाऊस निराळा

जून उजाडला की आपल्या जिल्ह्यात गप्पांचा विषय एकच. खानापूरच्या बाजारात जा, चिकोडीच्या बसस्टँडवर उभे राहा, नाहीतर बेळगावात भाजीवाल्या मावशींपाशी. कुणी मराठीत विचारील, कुणी कन्नडमध्ये, पण प्रश्न ठरलेला: तिकडं पाऊस झाला का? वारा कुठून सुटलाय, असे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

माझे धाकटे दीर याला अपवाद. अथणी तालुक्यातल्या आमच्या गावाहून त्यांचा फोन आला की पहिले वाक्य, "वैनी, तिकडं वारं कसं हाय?" बेळगावात पाऊस पडला म्हणून त्यांच्या शेताला ओल येत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांच्या शेतीने शिकवले आहे. वाऱ्याचे तसे नाही. इथल्या वाऱ्यावरून त्यांना तिथल्या पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधता येतो.

माझे माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे. सासर अथणीकडे. आणि संसार झाला बेळगावात. म्हणजे एकाच जिल्ह्यात मी तीन पावसाळे पाहिले म्हणा ना! कणकुंबीच्या बाजूला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून जवळच, पण सिंधुदुर्गात असलेल्या आंबोलीत तर सात हजारांच्या घरात. बेळगाव शहरात बारा-तेराशे. आणि अथणीकडे पाचशे-सहाशे झाला तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. कणकुंबी ते अथणी हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. तेवढ्यात पाऊस आठ-नऊपट कमी होतो. आणि गंमत अशी, की दोन्हीकडे वाहणारा वारा एकच असतो.

हा वारा येतो कुठून? आपण त्याला नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणतो आणि पुढे जातो. मोसमी हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला, ऋतू अशा अर्थाचा. अरबी खलाशी याच वाऱ्यावर गलबते हाकत आपल्या किनाऱ्याला येत, आणि हिवाळ्यात तो उलटला की परत जात. त्यांच्याही आधी रोमन व्यापार याच वाऱ्यावर चालला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली होती. समुद्रापासून इतक्या आत हा पाहुणा पोचला तो याच वाऱ्याच्या कृपेने, असे मला तिथले संग्रहालय पाहताना वाटले होते.

वाऱ्याची सुरुवात मात्र अरबस्तानातही नाही. जूनमध्ये विषुववृत्ताच्या दक्षिणेला थंडी असते. मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशस बेटांच्या आसपासच्या समुद्रावर हवेचा दाब वाढतो. इकडे राजस्थान, सिंध, पंजाबची जमीन एप्रिल-मेमध्ये तापून तिथला दाब उतरलेला असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा धावणार हे आलेच. ती आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे येते, विषुववृत्त ओलांडते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते. सोमालियाजवळ तिला भलताच वेग येतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या या वेगवान झोताचा नकाशा फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ साली मांडला, म्हणून अभ्यासक त्याला 'फिंडलेटर झोत' म्हणतात. अरबी समुद्रावरून येताना हा वारा बाष्प उचलत येतो. केरळात तो १ जूनच्या सुमाराला पोचावा असा सर्वसाधारण नियम. २०२५ साली तो २४ मे रोजीच दाखल झाला होता, आणि २०१९ मध्ये ८ जून उजाडावा लागला. नियमाचे हे असे.

हा वारा नसता तर आपले काय झाले असते, याचे उत्तर नकाशात आहे. बेळगाव ज्या अक्षांशावर आहे, जवळपास त्याच अक्षांशावर आफ्रिकेतले खार्टूम आहे. सूर्य दोघांना सारखाच. पण खार्टूमला वर्षाला जेमतेम शे-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि गावाभोवती वाळवंट. आपल्याभोवती भाताची खाचरे आणि बांबूची बेटे. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचे गाव, ते उगीच नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना दाखवण्यासारखी आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी बेळगावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हाच सूर्य ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसाच डोक्यावर येतो. म्हणजे हिशेबाने ऑगस्टही मेइतकाच तापायला हवा. प्रत्यक्षात आपण काय करतो? स्वेटर काढतो, आणि वाळत न घातलेल्या कपड्यांना घरात दोऱ्या बांधतो! ढगांनी सूर्य झाकलेला असतो आणि समुद्रावरचा वारा घर गार ठेवतो. इतर देशांत उन्हाळा सर्वांत उंच सूर्याच्या मागोमाग येतो. आपल्याकडे पाऊस त्या उन्हाळ्याला मध्येच कापून टाकतो, म्हणून आपला कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्येच संपतो.

आता घाटाकडे येऊ. समुद्रापासून साठेक किलोमीटर आत आले की वाऱ्यासमोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूला ती सात-आठशे मीटर उंच आहे, काही डोंगर त्याहून वर. बाजूला सरकायला जागा नसल्यामुळे वारा वर चढतो. वर हवा विरळ, तिथे तो पसरतो आणि थंड होतो. ओल्या हवेचा पारा दर किलोमीटरला पाच-सहा अंशांनी उतरतो. थंड हवेला तेवढे बाष्प पेलवत नाही, म्हणून ते ओझे ती घाटावरच टाकून देते. भिंत ओलांडली की वारा उताराला लागतो. उतरणारी हवा दाबली जाते, तापते, आणि ढग विरून जातात. बेळगावपर्यंत त्याच्याजवळ थोडेफार उरलेले असते, म्हणून आपल्याला ती जुलैची संततधार मिळते. बैलहोंगलला पोचेतो भात मागे पडून कापूस-ज्वारीचा मुलूख सुरू होतो. आणि अथणीत? तिथे तोच वारा आषाढात दिवसरात्र वाहतो, झाडे वाकवतो, पत्रे वाजवतो, पण थेंब नाही. वरून ढग घोड्यासारखे धावत जातात. सासूबाई अंगणात उभ्या राहून त्यांच्याकडे बघत आणि म्हणत, "हे सगळे दुसऱ्याच्या घरचे पाहुणे."

पाऊस देत नसला तरी तो वारा कुणाच्या तरी कामाला येतो. सौंदत्तीजवळच्या टेकड्यांवर, गदगच्या कप्पतगुड्ड डोंगरावर, पलीकडे सांगली जिल्ह्यात ढालगावला पवनचक्क्या दिसतात ना, त्यांचा सुगीचा काळ जून ते ऑगस्ट. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला आणि डोक्यावर पाती गरागरा फिरताहेत, हे दृश्य मला प्रत्येक वेळी जरा विचित्र वाटते.

या फरकाची खरी नोंद घराघरांत झाली आहे. माझ्या माहेरी जांभ्या दगडाच्या भिंती आणि उतरते कौलारू छप्पर. खानापूरची कौले आणि मडकी तर प्रसिद्धच. सासरी माळवदाचे घर, वर सपाट मातीचे धाबे, त्यावर धान्य वाळवायचे आणि उन्हाळ्यात झोपायचे. तसले घर जांबोटीला बांधले तर एका आषाढात खाली बसेल. माहेरी पाटाला पाट लावून भाताची लावणी चाले, बायका इरली डोक्यावर घेऊन दिवसभर वाकलेल्या. सासरी ज्वारीची कडक भाकरी, ती एकदा करून ठेवली की महिनाभर कुरकुरीत. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा सासूबाईंनी टोपलीभर कडक भाकऱ्या बांधून दिल्या. श्रावणातले दिवस. तिसऱ्या दिवशी त्या भाकऱ्या ओल्या कागदासारख्या लवायला लागल्या. आईने त्या चुलीवर पुन्हा शेकल्या आणि म्हणाली, "तुझ्या सासरची हवाच कोरडी गं, भाकरीचा काय दोष!" हवेतला दमटपणा मोजायला यंत्र लागते, असे शास्त्र सांगते. आमच्याकडे ते काम भाकरीने केले.

आपण दोन भाषांतली माणसे, तेव्हा शब्दांची मौजही सांगायला हवी. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. मराठीत मळे म्हणजे बागायती शेते. लग्नाची बोलणी चालू असताना सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या, "नम्म कडे मळे इल्लरी." आईला कन्नड बेताचेच. तिला वाटले, यांच्याकडे मळे नाहीत, सगळी जिराईत आहे. अर्थ चुकला, पण माहिती अगदी बरोबर मिळाली! पाऊस नाही आणि मळेही नाहीत, दोन्ही खरेच होते. कर्नाटकात घाटपट्ट्याला मलेनाडु म्हणतात. पुष्कळांना तो पावसाचा प्रदेश वाटतो, पण त्यातला 'मले' म्हणजे डोंगर; पाऊस तो 'मळे'. ल आणि ळ यांचा फरक. डोंगर तिथे पाऊस, त्यामुळे घोटाळा झाला तरी नुकसान काही नाही.

कन्नडमधले मला सर्वांत आवडणारे शब्द आहेत मुंगारु आणि हिंगारु. मुंदे म्हणजे पुढे, हिंदे म्हणजे मागे. मुंगारु हा पुढचा पाऊस, जून ते सप्टेंबरचा. हिंगारु मागचा, मराठीत आपण त्याला परतीचा पाऊस म्हणतो. जांबोटीचे पोट मुंगारुवर भरते, अथणीचे हिंगारुवर. कारण सप्टेंबरात पश्चिमेचा वारा दमतो आणि बंगालच्या उपसागरातून निघालेले पाऊसमान पूर्वेकडून आत येऊ लागते. दुपारी ढग जमतात, कडकडाट होतो, संध्याकाळी तासभर झोडपून जातो. त्या बाजूने यायला वाटेत सह्याद्री नाही. म्हणून विजापूर-अथणीच्या पट्ट्यात वर्षातला सर्वांत पावसाचा महिना जुलै नसून सप्टेंबर आहे. ती ओल काळी जमीन पोटात धरून ठेवते आणि तिच्यावर रब्बीची मालदांडी ज्वारी उभी राहते.

सणवारही याच हिशेबाने लागले आहेत. आपल्याकडे कार हुण्णिमे, म्हणजेच कर्नाटकी बेंदूर, ज्येष्ठी पौर्णिमेला. कोल्हापूर-सांगलीकडचा बेंदूर आषाढात. आणि मराठवाडा-विदर्भाचा पोळा श्रावणी अमावास्येला. बैल तोच, पूजा तीच, पण दिवस वेगळा. आणि मार्गशीर्षातली येळ्ळ अमावास्या घ्या. सासरी त्या दिवशी गावच्या गाव शेतात जेवायला जाते. भज्जीभाकरी, कडक भाकरी, शेंगाची पोळी, आणि उभ्या ज्वारीत चरग शिंपडायचा. लातूरकडे तिलाच वेळ अमावास्या म्हणतात. माझ्या माहेरी त्या वेळी भात कापून, मळून घरात आलेले असते आणि शेतात नुसती चुडे उरलेली. तिथे या सणाचा एवढा थाट नाही, असणार कसा?

पाऊस कोरड्या तालुक्यात पडत नाही, पण पाणी तिथून वाहते. ही आमच्या भागाची सर्वांत अवघड गोष्ट. महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरात पडलेला पाऊस कृष्णेतून, आंबोलीचा हिरण्यकेशी-घटप्रभेतून, कणकुंबीचा मलप्रभेतून पूर्वेकडे येतो. खानापूर तालुक्यातूनच म्हादई मात्र पश्चिमेला गोव्याकडे जाते. २०१९ साली काय झाले ते वाचकांना आठवत असेल. उन्हाळ्यात अथणीजवळ कृष्णेचे पात्र कोरडे पडले, वरून कोयनेचे पाणी सोडा म्हणून मागणी झाली. जूनही तसाच गेला. आणि ऑगस्टात त्याच नदीने चिकोडी, रायबाग, अथणीतली गावे पाण्याखाली घातली. आमच्या गावात त्या आठवड्यात रिमझिम म्हणावी एवढाच पाऊस होता! नणंदेचे घर नदीकाठच्या गावात. तिच्या घरात छातीएवढे पाणी शिरले, दोन म्हशी वाहून गेल्या, आणि ती आमच्याकडे महिनाभर राहिली. ती सारखी एकच म्हणे, "आभाळातनं आलं असतं तर दिसलं तरी असतं."

नदीच्या पाण्याने दुसरेही एक केले. काठाकाठाने ऊस आला. पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात ऊस, हे मला कधी पटलेले नाही. पण ज्यांच्या हातात पैसा आला त्यांना मी बेळगावात बसून काय सांगणार? आमचे शेत नदीपासून लांब, टेकाडावर. गेली काही वर्षे घरात वाद आहे तो याच्यावरच. पुतण्या म्हणतो, बोअर मारू, ठिबक बसवू, तीन एकरांत ऊस लावू. दीर म्हणतात, जमिनीखाली आहे किती ते आधी बघ. गावात सातशे-आठशे फूट खणून धूळ निघालेली बोअर आहेत.

२०२३ साली हा वाद चव्हाट्यावर आला. त्या वर्षी जूनअखेर एक बरी सर आली. पुतण्याने दिरांचे न ऐकता मका आणि उडीद पेरून टाकले, बी-खतासाठी सोसायटीचे कर्ज काढले. जुलैत थोडे भुरभुरले. मग ऑगस्ट आला तो कोरडा ठणठणीत. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. कर्नाटकात २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. मका गुडघ्याएवढा होऊन करपला. त्या महिन्यात पुतण्या कुणाशी बोलत नव्हता, रात्री माळवदावर एकटा बसून असे. जावेचे फोन मला रोज येत, पिकाबद्दल एक शब्द नसे, "वैनी, तो जेवला न्हाई" एवढेच.

त्या वर्षी पॅसिफिक महासागरात एल निनो होता. पेरू देशाजवळचे समुद्राचे पाणी तापले की तिकडे हवा वर चढू लागते, आणि आपल्याकडे येणाऱ्या वाऱ्याचा जोर बहुधा मोडतो. पेरूच्या पाण्याचा अथणीच्या मक्याशी संबंध असतो, हे कळायला आपल्याला बराच काळ लागला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात आपला मुंबई इलाख्याचा हा दक्षिण भाग, विशेषतः तेव्हाचा कलादगी जिल्हा, उजाड झाला होता. नुकतेच, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खाते सुरू झाले होते. त्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचा अंदाज बांधायला सुरुवात केली. १८८६ साली पहिला दिला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती या खात्याचे प्रमुख म्हणून आले. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरचे हवेचे दाब तराजूच्या दोन पारड्यांसारखे वरखाली होतात, हे त्यांनी जगभरच्या आकड्यांतून शोधले. पण हा तराजूही सरळ नाही. १९९७ साली एल निनो अतिशय जोरदार होता आणि आपल्याकडे पाऊस मात्र पुरेसा झाला.

शिवाय हे अंदाज देशाचे असतात. देशाची पावसाळ्याची सरासरी ८७ सेंटिमीटर. त्यातले ९६ टक्के पडणार की १०६, हे पेपरात येते. ज्याच्या शेतावरून ढग नुसते पळत जातात त्याने या टक्क्यांचे काय करायचे? तालुक्याचा पाच दिवसांचा अंदाज हल्ली मोबाइलवर मिळतो, तो मात्र पुतण्या रोज बघतो आणि दीर आता त्याला विचारतातही. नक्षत्रे आणि मोबाइल यांचा आमच्या घरी झगडा नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, आसळका, मघा असे दीर मोजत जातात. ही नक्षत्रे सूर्यावर चालतात म्हणून त्यांच्या तारखा फारशा हलत नाहीत. सासूबाई तीच नावे कन्नड वळणाने घेत. पाऊस हलतो, नक्षत्र हलत नाही, हे दिरांना चांगले ठाऊक आहे.

२०२३ चे कर्ज अजून पूर्ण फिटलेले नाही. त्या सप्टेंबरात जमिनीला पुरेशी ओल मिळाली नाही, ज्वारीही निम्म्यावर आली. पुढचे वर्ष बरे गेले. आता घरात ठरले आहे ते असे: दीड एकर पुतण्याला त्याच्या मनासारखे करायला, बोअर नाही पण शेततळे, बाकी सगळे खरीप भरवशाचे नाही असे धरून हलके ठेवायचे आणि रब्बीला जपायचे. पुतण्या तोंड वाकडे करतो. पण शेततळ्याचा खड्डा त्यानेच मापून घेतला.

उत्तरा नक्षत्र निघत आले की दिरांचा फोन वाढतो. पश्चिमेचा वारा, कन्नडमध्ये पडुवण गाळी, थांबला का. पूर्वेचा, मूडल गाळी, सुटला का, हे त्यांना हवे असते. मी गच्चीवर जाते, तुळशीजवळच्या ओढणीकडे बघते आणि सांगते. "अजून गोव्याकडनंच हाय भाऊजी." ते म्हणतात, "मग तिफण बाहेर काढायची घाई न्हाई. दोन दिवसांनी परत बघा."